टीमच्या लोगोत गवा काढायचाय? आधी दाढी तपासा

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा लोगो हे आपल्याकडे बऱ्याच डिझायनर पोरांचं पहिलं काम असतं, पैसे नावाला मिळतात, पण अकरा जण आपलं चित्र छातीवर घेऊन मैदानात उतरतात तेव्हा पोटात फुलपाखरं नाही, चक्क बेडूक उड्या मारतात. मी सेकंड इयरला असताना केला आणि सपशेल माती खाल्ली.

सरांना गवाच पाहिजे होता. साहजिक आहे, गोव्याचा राज्यप्राणी, एफसी गोवाच्या लोगोत तोच, 2023 च्या गोव्यातल्या नॅशनल गेम्सचा मॅस्कॉट मोगा पण तोच. (म्हणूनच मी आता पोरांना सांगतो की जमलं तर दुसरं काहीतरी शोधा, पण सर ऐकत नाहीत.) गवा म्हणजे इंडियन बायसन हे शाळेत घोकलेलं, म्हणून स्टॉक साइटवर नुसतं 'बायसन' टाकलं, एक रागीट तोंडाचं तयार व्हेक्टर उचललं, रंग बदलले, खाली टीमचं नाव ठोकलं, तीन तासात काम फत्ते. चाळीस जर्सी छापून आल्या.

पहिल्या मॅचला सत्तरी तालुक्यातल्या एका मित्राचे बाबा आलेले, त्यांच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, गवे उतरतात. जर्सीकडे बघून एवढंच म्हणाले, "हो गवो न्हय रे. गव्याक खाड खंय आसता?"

खाड म्हणजे दाढी. मी अमेरिकेतला बायसन काढला होता!

हे सावकाश सांगतो कारण इथेच सगळे फसतात. 'इंडियन बायसन' हे फक्त नाव आहे, प्राणी वेगळा. अमेरिकन बायसनला दाढी, मानेवर खांद्यावर झिपऱ्या, शिंगं आखूड आणि काळी. गव्याचं अंग तुकतुकीत, केस आखूड, दाढीबिढी काही नाही, गळ्याखाली लोंबती पोळी. शिंगं बुडाशी पिवळट आणि टोकाला काळी, दोन शिंगांच्या मधे कपाळ फुगीर, राखाडी. पाठीचा कणा खांद्यापासून उंच निघतो आणि अर्ध्या पाठीवर एकदम उतरतो. आणि पाय! गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे. फुटबॉल टीमला यापेक्षा आयतं काय पाहिजे होतं, आणि मी नुसतं डोकं काढून मोकळा.

नंतर त्या मित्राकडे दोन रात्री राहिलो. संध्याकाळी भाटाच्या कडेला एक नर दिसला, आम्हाला बघून अंगावर आला नाही, आडवा उभा राहिला, अख्खं अंग दाखवत. गवा धमकावतो तो असा. आपण मात्र लोगोत त्याला समोरून नाकातून वाफ सोडत काढतो, तो धिरयोचा, म्हणजे बैलांच्या झुंजीचा, पाडा वाटतो, आणि धिरयोवर कोर्टाची बंदी आहे हे तरी आठवा. दुसऱ्या वर्षी मी त्याला बाजूने काढला, शांत, पांढऱ्या मोज्यांसकट. सर म्हणाले ॲग्रेसिव्ह नाही वाटत. मी त्यांना त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली, मग मानले.

छपाईचं फार नाही सांगत. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते म्हणून दोन रंगात भागवा, सब्लिमेशन (उष्णतेने शाई कापडात उतरवायची छपाई) असेल तर किती रंग याची चिंता नको. टोपीवर भरतकाम असेल तर बारीक रेघा आणि छोटी अक्षरं टाक्यात बुजतात. हे मला एकाही इन्स्टावरच्या मेंटॉरने शिकवलं नाही, भरतकामवाल्याने शिकवलं, तेही ओरडून. त्याच्याकडे फाइल फायनल करायच्या आधी जा, नंतर नको.

घाबरू नका पण. पहिला लोगो चुकला म्हणून मला कोणी कॉलेजातून काढलं नाही, टीम त्याच दाढीवाल्या जर्सीत सेमीफायनलला पण गेली. त्यातली एक माझ्याकडे आहे, आई तिने स्कूटर पुसते.