बॉल पायथनच्या अंड्यांतून काय निघेल, हे जोडी लावण्याआधी कसं काढायचं

चार वर्षांपूर्वी माझ्याकडच्या बॉल पायथन जातीच्या अजगराच्या मादीने सहा अंडी घातली. नर-मादी दोघंही दिसायला साधी, पण दोघंही अल्बिनोचे हेट, म्हणजे अल्बिनो या पिवळ्या रंगाच्या जनुकाची एकच प्रत असलेले. वहीत मी 'चौथा हिस्सा अल्बिनो' असं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे एखादं तरी पिवळं पिल्लू धरूनच चालले होते. सहाही अंडी फुटली, सहाही पिल्लं तपकिरी. हिशेब बरोबर होता, मी तो चुकीचा वाचला होता. २५ टक्के सहा अंड्यांत वाटून मिळत नाहीत, प्रत्येक अंड्याला ते नव्याने लागू होतात. पाऊण भाग सहा वेळा गुणला की साधारण १८ टक्के येतात. अल्बिनोशिवाय खेप जाण्याची शक्यता एवढी मोठी असते.

म्हणून आधी प्रत्येक मॉर्फपुढे, म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकारापुढे, जनुकाचा प्रकार लिहा. अल्बिनो, पाइबाल्ड, क्लाऊन हे रिसेसिव्ह: दोन प्रती असतील तरच दिसतात, एकच असेल तर साप साधा दिसतो आणि त्याला हेट म्हणतात. पास्टेल, मोजावे, लेसर एका प्रतीतही दिसतात, दोन झाल्या की 'सुपर' होतो. मग चौकट काढा: वर नराच्या दोन प्रती, डावीकडे मादीच्या, मधली चार घरं भरा.

दोन जनुकं असतील तर सोळा घरं काढत बसू नका. वेगवेगळा हिशेब करून गुणा. पास्टेल हेट क्लाऊनला साध्या हेट क्लाऊनशी लावलं, तर पास्टेल निम्मे, क्लाऊन पाव, म्हणून पास्टेल क्लाऊन आठात एक. मोजावे आणि लेसरला मात्र हे चालत नाही. ती एकाच जनुकाची रूपं आहेत आणि दोन्ही एकत्र आली की निळ्या डोळ्यांचं पांढरं पिल्लू निघतं. बनाना या मॉर्फचा नर घेताना त्याला बनाना जनुक बापाकडून आला की आईकडून, हे विचाराच. बापाकडून आला असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक नर असतात, आईकडून असेल तर बहुतेक माद्या.

स्पायडर मॉर्फ मी जोडीला लावत नाही. त्या जनुकासोबत डोकं थरथरणं आणि तोल जाणं येतंच, कमी किंवा जास्त. नक्षी कितीही सुंदर असली तरी ते पिल्लाला आयुष्यभर सोसावं लागतं.

आता त्या सहा तपकिरी पिल्लांकडे वळू. चौकटीतलं अल्बिनोचं घर बाद झालं, उरली तीन. त्यातली दोन हेटची. म्हणून अशा भावंडांना '६६ टक्के हेट' म्हणतात. याचा अर्थ प्रत्येक पिल्लू एकतर पूर्ण हेट आहे किंवा अजिबात नाही. पिल्लू देताना मी हे समोरच्याला चौकट काढूनच दाखवते.

खात्री करायची तर अल्बिनोशी जोडी लावा. एक जरी अल्बिनो निघालं तरी साप हेट, प्रश्न मिटला. सहा अंड्यांतून सहाही साधी निघाली तर ६६ टक्क्यांचे जेमतेम ३ टक्के उरतात, कारण खरा हेट सहाही वेळा हुलकावणी देण्याची शक्यता ६४ मध्ये १ असते. त्या सहांतली एक मादी मी यंदा अल्बिनो नराला लावली. पाच अंडी उबवणीत आहेत, अजून तीन आठवडे आहेत.