ग्रँड केमनला पार्सल मागवताना

कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर, जॉर्ज टाउनला राहायला आल्यावर कळलं, इथे पोस्टमन दारात येतच नाही. पत्रं पोस्टातल्या भाड्याच्या पेटीत पडतात. म्हणून आधी पेटी घेतली आणि बँकेला, घरच्यांना ‘केवाय१’वाल्या पिनकोडसकट तोच पत्ता कळवला.

खरी डोकेदुखी अमेरिकन दुकानांची. बरीचशी इथे माल पाठवतच नाहीत. तोडगा मायामीत निघाला. तिथल्या फ्रेट एजंटकडे, म्हणजे माल पुढे पाठवणाऱ्याकडे, खातं उघडलं की गोदामाचा पत्ता मिळतो. पार्सल तिथे उतरतं, मग विमानाने किंवा बोटीने इकडे. जड सामान मी बोटीनेच मागवते. बिल एजंटला आधीच मेल करते, कारण बहुतेक वस्तूंवर २२ टक्के कस्टम ड्यूटी, तीसुद्धा किंमत, वाहतूक, विमा सगळं धरून! मिक्सर मात्र अमेरिकेतलाच घ्या. इथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा नुसता कण्हतो.