हात मोडल्यावर आणि प्लास्टर घातल्यावर या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलं झाडावरून, सायकलवरून पडतात. पडताना हात टेकला जातो आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं. पाच ते सात या वयात हे सर्रास दिसतं. हाड जुळायला तीन-चार आठवडे पुरतात, ती फारशी अवघड गोष्ट नाही. हात कायमचा अधू होतो तो बहुतेकदा आजूबाजूच्या चुकांनी, आणि त्या वर्षानुवर्षं त्याच आहेत.

‘पहिली रात्र दुखणारच’ म्हणून सकाळची वाट पाहणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. क्रम ठरलेला असतो. संध्याकाळी प्लास्टर होतं. रात्री दहाला मूल कण्हायला लागतं. घरात कुणीतरी म्हणतं, हाड मोडलंय, दुखणारच. वेदनाशामक दिलं जातं, दोन तासांनी पुन्हा दिलं जातं. मूल चिडतं, तळमळतं, हात कुणाला लावू देत नाही. पहाटे ते शांत होतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. सकाळी बोटं सुजलेली, गार आणि बधिर सापडतात. दुखणं थांबलेलं असतं ते नसा बधिर झाल्यामुळे.

मनगट ते कोपर या भागातले स्नायू न ताणणाऱ्या आवरणांत बांधलेले असतात. आत सूज वाढली आणि बाहेरून प्लास्टर आवळलेलं असलं की दाब चढत जातो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतो. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणासारखी कडक ऊती येते, ती आखडते आणि बोटं आत वळून तशीच राहतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने 1881 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून या आखडण्याला आजही त्याचंच नाव आहे. एकदा हात असा आखडला की कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी तो पूर्वीसारखा होत नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा: हाड बसवून हात स्थिर केल्यावर दुखणं तासागणिक कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, औषध पुन्हा पुन्हा मागितलं जात असेल, तर मुलाचं एक बोट हळूच सरळ करून पाहा. त्याने कोपराखाली जीवघेणी कळ आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. ती शेवटपर्यंत लागू शकते. बोटं पांढरी पडायची वाट पाहू नका, ते फार उशिराचं लक्षण आहे.

रुग्णालयात प्लास्टर लांबीने चिरतात. नुसतं प्लास्टर चिरून भागत नाही, खालचा कापूसही कातडीपर्यंत कापायला हवा, हे तिथे विचारून घ्या. तरीही दुखणं उतरलं नाही, तर शस्त्रक्रिया करून स्नायूंची आवरणं मोकळी करावी लागतात. जाताना हात छातीच्या पातळीत धरा. एरवी साध्या सुजेसाठी पहिले दोन दिवस हात उशांवर छातीपेक्षा वर ठेवणं योग्यच, पण असा दाब चढला असताना हात उंच केला तर आत पोहोचणारं रक्त आणखी कमी होतं.

प्लास्टर निघाल्यावर तेल, मालिश आणि पाण्याची बादली

तीन-चार आठवड्यांनी प्लास्टर निघतं तेव्हा कोपर आखडलेलं असतं. घरच्यांना धीर धरवत नाही. मग मालिशवाला येतो, कोपर रगडतो, ओढून सरळ करतो. कुणी मुलाच्या हातात भरलेली बादली देऊन हात लोंबकळत ठेवायला लावतं. कोपरासमोरचा स्नायू पडतानाच दुखावलेला असतो. त्याला रोज ओरबाडलं तर त्या स्नायूतच हाड तयार होऊ लागतं आणि आपोआप सुटणारं कोपर कायमचं अडकतं. ही घाई पाहिली की फार वाईट वाटतं, कारण इथे काही न करणंही पुरलं असतं.

माझं सांगणं साधं आहे: मुलाच्या कोपराला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. कोमट पाण्याच्या टबात हात बुडवून मुलाने स्वतः वाकवायचा, स्वतः सरळ करायचा. दिवसातून तीन-चार वेळा, दहा मिनिटं. जेवण, केस विंचरणं त्याच हाताने. पूर्ण सरळ व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षही लागतं.

‘लहान आहे, हाड आपोआप सरळ होईल’

मनगटाजवळ हे बरंच खरं आहे, कोपराजवळ नाही. दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम 20. त्यामुळे कोपर आतल्या बाजूला तिरकं जुळलं तर ते तिरकंच राहतं. पहिल्या आठवड्यानंतरचा एक्स-रे चुकवू नका. हाड सरकलं असेल तर तेव्हाच कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

पडल्याबरोबर हळद-दूध देऊ नका. भूल द्यायची झाली तर दुधानंतर सहा तास थांबावं लागतं.

अंगठी, बांगड्या, मनगटाचा काळा दोरा लगेच काढा. हिरव्या चुड्याचं कारण पुढे करू नका. सूज चढल्यावर तो फोडावाच लागतो.

नेताना कोपर वाकवून बांधू नका. हात जसा आहे तसा, जाड मासिकाच्या आधाराने ओढणीने सैल बांधा. कोपर नव्वद अंशांपलीकडे दुमडलं तर रक्तपुरवठा अडतो.

हाडवैद्याच्या घट्ट बांबूपट्ट्यांनी वर सांगितलेलाच, सहा तासांत स्नायू मरण्याचा खेळ होतो. त्या बांधू नका.

गळ्यात अडकवलेल्या झोळीत मनगट कोपरापेक्षा खाली लोंबू देऊ नका.

खाज सुटली की विणायची सुई किंवा फूटपट्टी आत घालू नका. केस वाळवायच्या यंत्राची गार हवा सोडा. फायबरचं प्लास्टर भिजलं तरी चालतं हा गैरसमज आहे. आतला कापूस ओला राहून कातडी सडते.

मोठ्यांचं मनगट मोडलं की बोटं आणि खांदा हलवणंच बंद होतं. मनगट जुळतं आणि खांदा गोठतो. पहिल्या दिवसापासून तासाला दहा वेळा मूठ उघडा-मिटा, हात डोक्यावर न्या. सिगारेट-विडी बंद करा, तंबाखू आणि मशेरीही. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी त्याच महिन्यात करून घ्या. पुढचं पडणं खुब्यावर असू शकतं.