मॅलरी वाचताना ढालीवर नजर ठेवा

एमएला सर थॉमस मॅलरीचं 'ल मोर्त दार्थर' होतं, म्हणजे राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या इंग्रजी कथा. पहिल्या पानापासून हातात घेतलं आणि शंभरेक पानांत दमले. अमका सरदार तमक्याला भेटला, भाले मोडले, घोडे कोसळले, दोन तास तलवारी चालल्या. पान उलटा, पुन्हा तेच. कुणाच्या मनात काय चाललंय, पत्ता नाही.

चूक माझीच. मी कादंबरी शोधत होते. मॅलरीने हे तुरुंगात लिहिलं, १४६९-७० च्या सुमारास संपवलं. मुद्रक विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलं. वाक्यं 'आणि... आणि...' करत लांबतात. मोठ्याने वाचून बघा, दम लागत नाही. आटपाट नगर नेमकं कुठे, असं आपण कहाणी ऐकताना कुठे विचारतो?

पहिल्या वाचनाला आजच्या स्पेलिंगची प्रत घ्या, त्यात कमीपणा नाही. तरी ओळखीचे शब्द फसवतात. 'वुड' म्हणजे लाकूड नव्हे, पिसाळलेला. 'वर्शिप' म्हणजे पूजा नव्हे, लौकिक. सगळी मारामारी त्याच्यासाठीच. प्रकरणं भलत्याच जागी तुटली तर बुचकळ्यात पडू नका, ती कॅक्स्टनने पाडलेली आहेत. १९३४ मध्ये विंचेस्टरला सापडलेल्या हस्तलिखितात ती नाहीत.

आणि सुरुवात बेलिन नावाच्या सरदाराच्या कथेपासून करा. कॅक्स्टनच्या दुसऱ्या भागात आहे, एका बैठकीत होतो. एका बेटाच्या राखणदाराशी त्याला लढायचं असतं. कुणीतरी म्हणतं, तुमची ढाल बरी नाही, माझी मोठी घ्या. तो घेतो. समोरचा राखणदार त्याचाच भाऊ बेलन. याच्या कमरेच्या दोन तलवारी बघून बेलनला शंका येते, पण सरदाराची ओळख ढालीवरून, आणि ही ढाल अनोळखी, म्हणून तो भाला रोखतो. दोघं एकमेकांना मरणाच्या दारापर्यंत नेतात, मग नाव विचारतात. बेलन रांगत जातो आणि भावाचं शिरस्त्राण काढतो. चेहरा रक्ताने इतका माखलेला की ओळखू येत नाही.

मन शोधत होते ना, ते त्या ढालीत होतं. तेव्हापासून समासात लिहीत गेले: कुणाच्या हातात कुणाची ढाल.

पुढे सहाव्या भागात आर्थरचा सरदार लॉन्सेलॉट पहाटे 'के' नावाच्या बढाईखोर सरदाराचं चिलखत आणि ढाल घेऊन निघून जातो. 'के'ला लोळवायला टपलेले सरदार त्याच्यावर तुटून पडतात आणि सडकून मार खातात. इकडे के लॉन्सेलॉटच्या चिलखतात आरामात घरी पोचतो, वाटेत कुणी ब्र काढत नाही. हे वाचताना मी ग्रंथालयात मोठ्याने हसले.