नव्या ब्लॉगलेखकांच्या स्वागताचा पहिला वेबिनार कसा घ्यावा

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या समूहात उत्साहाने नाव नोंदवणारे पुष्कळ जण पहिला लेख टाकण्याआधीच मागे फिरतात. त्यांच्याजवळ लिहिण्यासारखे काही नसते असे मुळीच नाही. खाते उघडल्यावर पुढे कुठे जायचे ते उमगत नाही, संगणकावर देवनागरी कशी उमटवायची याची धास्ती असते, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे आपले लिखाण कोण वाचणार व वाचून काय म्हणणार याचा अंदाज नसतो. स्वागताचा वेबिनार घ्यायचा तो ही भीड मोडण्यासाठी. कार्यक्रम संपेपर्यंत प्रत्येक नव्या सदस्याला आपला लेख कुठे व कसा टाकायचा हे कळलेले असावे आणि तो लेख सर्वांत आधी वाचणाऱ्या एका जुन्या सदस्याचे नाव त्याच्याजवळ असावे, एवढेच उद्दिष्ट आयोजकांनी सुरुवातीला लिहून ठेवावे. समूहाचा इतिहास, ज्येष्ठांचे सत्कार, पाहुण्यांचे व्याख्यान हे सारे वर्धापनदिनासाठी राखावे.

दिवस आणि वेळ

मुंबईत आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम ठेवणे म्हणजे निम्म्या लोकांना लोकलच्या गर्दीतून हजेरी लावायला सांगणे होय. चर्चगेटहून विरारकडे किंवा सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याकडे जाणारा माणूस त्या वेळी एका हाताने कडी धरून उभा असतो, आणि त्याने ऐकले तरी तो बोलू शकत नाही. इथे तर नव्या माणसाने बोलावे हाच हेतू आहे. म्हणून रविवार निवडावा.

रविवारी सकाळी की संध्याकाळी, हे समूहात परदेशी राहणारे सदस्य किती आहेत यावर ठरवावे. रविवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते, कारण त्या वेळी दुबईत पाच वाजलेले असतात, लंडनमध्ये उन्हाळ्यात दोन व हिवाळ्यात एक, आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ व हिवाळ्यात आठ. ब्रिटन आणि अमेरिकेतली घड्याळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पुढे-मागे होतात, आपली होत नाहीत. त्यामुळे निमंत्रणात ‘भारतीय वेळेनुसार’ हे शब्द न विसरता घालावेत. गणेशोत्सवाचे दिवस आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ टाळावा. पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर एक पर्यायी तारीखही आधीच ठरवून ठेवावी, कारण मुसळधार पावसाच्या दिवशी वीज आणि इंटरनेट यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही.

कोणते माध्यम घ्यावे

वेबिनार हे नाव रूढ असले, तरी झूमवर त्याच नावाने मिळणारी वेगळी सशुल्क सोय या कामासाठी घेऊ नये. त्या सोयीत श्रोते एकमेकांना दिसत नाहीत आणि यजमानाने परवानगी दिल्याशिवाय बोलूही शकत नाहीत. हजार लोकांच्या व्याख्यानाला ते ठीक, स्वागताला नाही. साधी मीटिंगच घ्यावी.

झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते. गुगल मीटच्या मोफत खात्यावर तिघे किंवा त्याहून अधिक जण असले, तरी ६० मिनिटे मिळतात. दोन्हीकडे १०० जणांची मर्यादा आहे, आणि आपल्याला तेवढे लोक नकोच आहेत. कार्यक्रम ५० मिनिटांचा आखला तर मीट पुरेसे होते. झूमच घ्यायचे असेल तर एका महिन्याचे पैसे वर्गणीतून भरावेत. चाळिसाव्या मिनिटाला सर्वांना बाहेर काढून दुसऱ्या लिंकवर बोलावले, की संकोची माणूस परत येत नाही.

नव्या सदस्यांची संख्या २० च्या आत ठेवावी. नावे ४० आली तर दोन रविवार घ्यावेत. प्रत्येकाला एक मिनिट बोलायला द्यायचे म्हटले तरी २० जणांची २० मिनिटे होतात, आणि हे साधे गणित विसरल्यामुळेच अनेक कार्यक्रमांत ओळखीचा भाग गुंडाळला जातो.

निमंत्रण आणि नोंदणी

तीन आठवडे आधी तारीख जाहीर करावी आणि गुगल फॉर्मवर नोंदणी घ्यावी. फॉर्म लहान असावा: नाव किंवा टोपणनाव, संपर्कासाठी ईमेल, राहण्याचे ठिकाण, लेख मोबाइलवर लिहिणार की संगणकावर, आणि शेवटी एक मोकळा प्रश्न, ‘पहिला लेख कशाविषयी लिहावासा वाटतो?’ या शेवटच्या प्रश्नावर पुढचे सगळे अवलंबून आहे. एखाद्या मावशी तिथे ‘गिरगावातल्या चाळीतले हळदीकुंकू’ असे लिहितात, एखादा तरुण ‘वसईच्या किल्ल्याची भटकंती’ लिहितो, आणि त्यावरून कोणाला कोणत्या जुन्या सदस्याशी जोडायचे हे आयोजकांना आधीच ठरवता येते. जन्मतारीख, पत्ता, नोकरी असल्या गोष्टी विचारू नयेत. व्यक्तिगत माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घेण्याची अपेक्षा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागेही आहे. फॉर्मच्या वरच तसे एक वाक्य घालावे.

निमंत्रणाची भाषा साधी असावी. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. आपण समूहात आलात, आनंद झाला. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, भारतीय वेळेनुसार, आपण सारे ऑनलाइन भेटणार आहोत. आपला विषय आम्ही वाचला आहे. त्याबद्दल एक मिनिट बोलावे अशी विनंती आहे. कॅमेरा सुरू करण्याची सक्ती नाही.’ हा मजकूर नोंदणीनंतर लगेच, मग आदल्या संध्याकाळी आणि शेवटी कार्यक्रमाआधी तासभर असा तीनदा पाठवावा. लिंक फक्त नोंदणी केलेल्यांनाच पाठवावी, समाजमाध्यमांवर उघडी टाकू नये. २०२० मध्ये असे उघडे दुवे शोधून अनोळखी लोक बैठकांत घुसत आणि नको ते पडद्यावर दाखवत. झूमची वेटिंग रूम सुरू ठेवली आणि स्क्रीन शेअर करण्याची मुभा यजमानापुरती राखली, की हा धोका बराच टळतो.

कामांची वाटणी आणि तालीम

तीन माणसे पुरतात. एकाने निवेदन करावे, दुसऱ्याने लोकांना आत घेणे, आवाज बंद-चालू करणे आणि स्क्रीन दाखवणे सांभाळावे, तिसऱ्याने चॅटमधले प्रश्न टिपावेत आणि घड्याळावर लक्ष ठेवावे. निवेदक आणि तांत्रिक बाजू पाहणारा एकाच व्यक्तीला करू नये.

दोन दिवस आधी त्याच वेळी, त्याच जागेवरून तालीम करावी. मुंबईतल्या घरात साडेसहा वाजता कोणते आवाज येतात हे त्या वेळी बसल्याशिवाय कळत नाही: कुकरच्या शिट्ट्या, खालच्या आवारातली मुले, डोक्यावरचा पंखा. पंख्याची घरघर बोलणाऱ्याला जाणवत नाही, पण माइक ती इमानाने पुढे पोहोचवतो. वायर असलेला साधा इअरफोन लावला तर आवाज बराच सुधारतो. एका खोलीत दोघे यजमान दोन लॅपटॉप घेऊन बसले तर आवाज घुमतो, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसावे. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो; यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा, आणि शक्यतो त्या मोबाइलचे सिम ब्रॉडबँडहून वेगळ्या कंपनीचे असावे. दुसऱ्या यजमानालाही सहयजमान करून ठेवावे, म्हणजे पहिला गळाला तरी कार्यक्रम थांबत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम

यजमानांनी १५ मिनिटे आधी यावे आणि लवकर येणाऱ्यांशी नावाने बोलावे. पहिली ५ मिनिटे स्वागत, पुढची २० ओळखी, १५ मिनिटे प्रात्यक्षिक आणि १० मिनिटे प्रश्न, अशी मांडणी ठेवावी.

ओळखीची सुरुवात जुन्या सदस्यांपासून करू नये. ते सराईतपणे बोलतात, आणि त्यानंतर नवख्याला आपले दोन शब्द तोकडे वाटू लागतात. निवेदकाने फॉर्ममधला विषय वाचून दाखवत एकेकाला बोलवावे: ‘मावशी, तुम्ही हळदीकुंकवाबद्दल लिहिणार आहात, ते साधारण कोणत्या काळातले?’ असा नेमका प्रश्न आला, की ‘मी काय बोलू’ असे म्हणणारी व्यक्तीसुद्धा सहज बोलू लागते. बोलणे संपताच तिच्या जोडीदार सदस्याचे नाव तिथेच सांगावे आणि त्या सदस्याने एका वाक्यात, ‘तुमचा लेख आला की मी दोन दिवसांत वाचून कळवतो,’ असे म्हणावे. आवाज चालू करण्यात कोणी अडखळले तर घाई न करता पुढच्याला घ्यावे आणि नंतर त्यांच्याकडे परत यावे. चॅटमध्ये लिहिलेली ओळख निवेदकाने मोठ्याने वाचावी.

प्रात्यक्षिकात एक छोटा लेख सर्वांसमोर टाकून दाखवावा, तोही नव्या सदस्याच्या खात्यातून दिसते तसाच. मोबाइलवर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा कशी जोडायची आणि माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोललेले कसे उमटते हे दाखवले, की वयस्कर मंडळींची निम्मी भीती तिथेच जाते. विंडोज १० आणि ११ वर मराठीचा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा, कीबोर्ड आधीपासूनच असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करावा लागतो. ज्यांनी छापखान्यात किंवा वर्तमानपत्रात काम केले आहे अशा मुंबईकरांकडे श्री-लिपीसारख्या जुन्या प्रणालींत टाइप केलेला मजकूर साठलेला असतो. तो जसाच्या तसा चिकटवला तर पडद्यावर अगम्य चिन्हे दिसतात आणि आपला संगणकच बिघडला असा त्यांचा समज होतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरप्रणालीत, बदलून घ्यावा लागतो, हे एक उदाहरण दाखवून समजावावे आणि हे काम करून देणाऱ्या सदस्याचे नाव सांगावे.

नियमांचे वाचन करू नये. एकच बाब तोंडी सांगणे आवश्यक आहे, ती स्वामित्वहक्काची. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९०५ साली वारलेल्या केशवसुतांची कविता संपूर्ण देता येते, पण १९९९ साली वारलेल्या कुसुमाग्रजांची परवानगीशिवाय देता येत नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेले छायाचित्रही आपले नसते. स्वतः काढलेले फोटो वापरावेत, किंवा विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्रांच्या संग्रहावरून घेऊन तिथल्या अटींप्रमाणे छायाचित्रकाराचे नाव द्यावे.

प्रश्नांच्या वेळी शुद्धलेखनाचा विषय हमखास निघतो. चुका जाहीरपणे दाखवल्या जाणार नाहीत, हव्या असतील तर जोडीदार सदस्य त्या खासगीत सांगेल, असे स्पष्ट आश्वासन द्यावे आणि जुन्या सदस्यांकडून ते आधीच कबूल करून घ्यावे.

रेकॉर्डिंगबद्दल माझे मत ठाम आहे: ओळखीचा भाग रेकॉर्ड करू नये. आपला आवाज कुठे तरी साठवला जातो आहे हे कळले, की माणूस आखडतो. मीटच्या मोफत खात्यावर रेकॉर्डिंगची सोय नाहीच. प्रात्यक्षिक मात्र यजमानाने आधी स्वतंत्रपणे चित्रित करून ठेवावे, म्हणजे ते नंतर सर्वांना पाठवता येते.

नंतरचे पंधरा दिवस

त्याच रात्री सर्वांना एक छोटा संदेश जावा, ज्यात लेख टाकण्याची लिंक, प्रात्यक्षिकाची चित्रफीत आणि प्रत्येकाच्या जोडीदाराचे नाव असेल. नाव नोंदवून न आलेल्यांना वेगळा संदेश पाठवावा आणि ‘का आला नाहीत’ असे न विचारता त्यांनाही जोडीदार द्यावा. पहिल्या आठवड्यात ज्याचा लेख आला नाही त्याला जोडीदाराने एकदाच फोन करावा, दोनदा नाही. आलेल्या प्रत्येक लेखाखाली निदान तिघा जुन्या सदस्यांचा अभिप्राय दिसेल हे आयोजकांनी पाहावे, आणि त्यात ‘छान’, ‘मस्त’ यांखेरीज लेखातल्या एखाद्या नेमक्या तपशिलाचा उल्लेख असावा. पंधराव्या दिवशी किती जणांचे लेख आले ते मोजावे, न लिहिलेल्यांची अडचण फोनवर विचारून घ्यावी, आणि पुढच्या वेबिनारच्या तीन यजमानांपैकी एक जण या वेळच्या नव्या सदस्यांतूनच निवडावा.