बॉल पायथन जेवत नाही? घाबरण्याआधी या चुका टाळा

आमचा गुंड्या नर बॉल पायथन आहे, म्हणजे पाळीव अजगराची एक जात. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी आल्यापासून दर आठवड्याला न चुकता जेवणारा. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात त्याने उंदराकडे पाठ फिरवली, ती थेट मार्च संपेपर्यंत. तेव्हा त्याचं वजन 910 ग्रॅम होतं. पहिल्या महिन्याभरात मी जे जे केलं, त्यातलं बरंचसं करायला नको होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज विचारत बसणं. आज नाही खाल्लं, उद्या देऊन बघू, उद्या नाही तर परवा. साप भुकेला नसताना चिमट्यातला उंदीर पुन्हा पुन्हा तोंडासमोर नाचवला की त्याला तो भक्ष्य वाटत नाही, संकट वाटतं. तो मान आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. या जातीला 'बॉल' नाव पडलं ते त्यावरूनच. पिल्लाने नाकारलं तर आठवडाभर थांबा, मोठ्याने नाकारलं तर दहा ते चौदा दिवस. मधल्या काळात पाणी बदलायचं, घाण काढायची, बाकी हात लावायचा नाही. नवीन आणलेल्या सापाला तर पहिला आठवडा उचलूसुद्धा नका.

या सापाचं मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे. दिवसभर तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. म्हणून मोठी, मोकळी, चहूबाजूंनी काचेची टाकी आपल्याला छान दिसते, पण त्याला ती उघड्या मैदानासारखी वाटते. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, दोन्ही जेमतेम तो मावेल एवढ्याच. एकच ठेवली तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं. आम्ही टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला आणि मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या वेलींची गर्दी केली. तेवढ्याने तो रात्री हिंडायला लागला.

तापमान अंदाजाने ठरवू नका. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर खूप चुकतात. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. उबदार कोपरा 31 ते 33 अंश सेल्सिअस, थंड बाजू 24 ते 27, आर्द्रता साधारण 60 टक्के किंवा थोडी वर. हीट मॅट (टाकीला ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच लावू नका, साप भाजतो. इथल्या हिवाळ्यात घरातलं हीटिंग हवा पार कोरडी करतं, रात्री खोलीही गार होते. आमची आर्द्रता 35 टक्क्यांवर उतरली होती आणि मला पत्ताच नव्हता.

फ्रोझन उंदीर देत असाल तर तो फक्त वितळलेला असून भागत नाही, गरम लागतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला उंदीर वाटतच नाही. रात्रभर वेगळ्या बंद डब्यात फ्रिजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, डोकं साधारण 38 अंशांपर्यंत गरम होऊ द्या. मायक्रोवेव्ह नको, कुठे शिजतो, कुठे गारच राहतो. दिवे मंद करून, लांब चिमट्याने, रात्री द्या. नाकारलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. आणि जिवंत उंदीर सोडून झोपायला जाणं तर अजिबात नको. न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडून काढतो.

माझी आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, दूध तरी देऊन बघ त्याला." तिची माया कळते, पण दूध हे सापाचं अन्नच नाही. नागपंचमीला साप दूध पितात ते आधी दिवसचे दिवस तहानलेले ठेवल्यामुळे. चिकनचे तुकडे, अंडी हेही या सापासाठी नाही.

काही वेळा चूक कुठेच नसते. कात टाकायच्या आधी डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हा बरेच साप खात नाहीत. आणि वयात आलेले नर हिवाळ्यात, विणीच्या हंगामात, महिनोन् महिने उपाशी राहतात. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये साठी ओलांडल्यावर अंडी घातली होती. एवढं लांब आयुष्य असलेल्या प्राण्याला एका हिवाळ्याचा उपास जड जात नाही, वजन टिकून असेल तर.

म्हणून स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल वजनकाटा, पण सापासाठी वेगळा, घ्या आणि दर दोन आठवड्यांनी वजन लिहून ठेवा. गुंड्याचं पाच महिन्यांत 38 ग्रॅम घटलं, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. घट दहा टक्क्यांवर गेली, पाठीचा कणा वर आला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय, तोंडाशी बुडबुडे आहेत, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके म्हणजे गोचिडांसारखे माइट्स दिसले, किंवा पिल्लू महिना उलटूनही खात नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर गाठा. अशा डॉक्टरांच्या 'ARAV' या संघटनेच्या वेबसाइटवर असे डॉक्टर शोधता येतात. घशात जबरदस्तीने उंदीर ढकलणं घरी करू नका. घसा फाटू शकतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: धामण, अजगर, कुठलाही देशी साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात साप निघाला तर महाराष्ट्रात वनविभागाचा 1926 हा नंबर लावा. परदेशी बॉल पायथन असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी लागते.

मार्चच्या शेवटी एका रात्री गुंड्याने चिमट्यातला उंदीर झडप घालून घेतला. इतक्या उपासानंतरचा तो पहिला उंदीर मी नेहमीच्यापेक्षा लहान दिला होता, आणि पुढचे दोन दिवस त्याला कुणीही उचललं नाही. भरल्या पोटी हाताळलं तर साप ओकतो, आणि मग पुन्हा दोन आठवडे थांबावं लागतं.