एफएल स्टुडिओवरून रीपरला जायचंय? आधी गणपती होऊन जाऊ दे

एफएल स्टुडिओ आणि रीपर ही दोन्ही कॉम्प्युटरवर गाणं बनवायची, रेकॉर्ड करायची सॉफ्टवेअरं, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं ते खाली आहे. पण पहिलंच सांगतो, ज्याच्या हातात आत्ता मंडळांची कामं आहेत त्याने हे सेव्ह करून ठेवावं आणि विसर्जनानंतर उघडावं. ऐन गणपतीत सॉफ्टवेअर बदलायचा शहाणपणा मी करून बसलोय. आगमनाच्या गाण्याची डिलिव्हरी चार दिवसांवर, आणि मी रात्री दोनला बसून नव्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप कापायची कशी ते शोधतोय, वर लालबागहून फोन, "दादा झालं का, पोरं थांबलीत". शेवटी गपचूप एफएल उघडलं आणि त्यातच संपवलं.

आता कुणी म्हणेल मग बदललंच कशाला. एफएल वाईट आहे म्हणून नाही हो. 1997 साली फ्रूटीलूप्स म्हणून आलेलं हे बेल्जियमचं सॉफ्टवेअर, आपल्याकडच्या डीजेवाल्यांची बाराखडीच त्यावर झालीय आणि त्याच्या पियानो रोलला, म्हणजे सूर मांडायच्या खिडकीला, अजून तोड नाही. पण माझं काम बदललं. आधी लूप लावून रीमिक्स करायचो, आता लाइव्ह बेंजो, संबळ, हलगी, कोरसला चार पोरं, गायकाचे दहा-दहा टेक, म्हणजे तीच ओळ दहा वेळा रेकॉर्ड, आणि हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर. रीपर वजनाला एकदम हलकं, 60 दिवस सगळ्या फीचर्ससकट वापरून बघता येतं, आणि नंतर घरगुती वापराला किंवा वर्षाची कमाई 20,000 डॉलरच्या आत असेल तर लायसन्स 60 डॉलर. त्या कमाईच्या अटीची काळजी निदान मला तरी नाही 😂

मुद्द्याचं म्हणजे, जुना प्रोजेक्ट रीपरमध्ये "उघडायच्या" नादी लागू नका. एफएलची फाइल रीपर उघडत नाही. आणि तसंही त्या फाइलमध्ये आवाज नसतोच, कुठलं सॅम्पल, म्हणजे आवाजाचा तुकडा, कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता आणि बटणं कुठे फिरवलीत एवढंच असतं. खोली बदलताना आपण टेम्पोत कपाट-भांडी भरतो, भिंती नाही भरत. इथे सामान म्हणजे स्टेम्स, प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल.

स्टेम्स काढायच्या आधी मिक्सरकडे नीट बघा, निम्मा घोळ इथेच होतो. एफएलमध्ये जे चॅनल, म्हणजे एकेक वाद्य, मिक्सरच्या कुठल्या ट्रॅकला जोडलेलं नसतं ते थेट मास्टरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथे, जातं. माझ्या एका कोळीगीतात संबळ आणि टाळ तसेच सोडलेले, एक्स्पोर्ट केलं, फाइली मोजल्या तर चौदाऐवजी बारा, संबळ गेला कुठे म्हणून अर्धा तास डोकं खाजवलं, तो मास्टरच्या फाइलमध्ये टाळासोबत एकत्र वाजत होता. तर चॅनल रॅकमध्ये, म्हणजे वाद्यांच्या यादीत, एकेक चॅनल बघून त्याला मिक्सरचा वेगळा नंबर द्या आणि नाव द्या, "इन्सर्ट 7" असली नावं नकोत, दोन महिन्यांनी स्वतःलाच कळत नाही. मास्टरवरचा लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर दाबून धरणारा इफेक्ट, बंद करा. गाणं पॅटर्न मोडमध्ये, म्हणजे एकाच तुकड्यावर, नाही तर साँग मोडमध्ये, म्हणजे अख्ख्या गाण्यावर, आहे ना ते बघा. मग एक्स्पोर्टला वेव्ह, 24 बिट, "स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स" चालू, आणि टेलच्या ठिकाणी "लीव्ह रिमेंडर", नाहीतर शेवटच्या आलापाचा रिव्हर्ब, म्हणजे मागे राहणारी गुंज, मध्येच कापला जातो. एमपी3 अजिबात नको, कारण एमपी3 बनताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि मग ढोल आणि हलगी एकमेकांच्या पुढेमागे पळतात.

त्याच सेटिंगवर पूर्ण गाण्याचीही एक फाइल काढून ठेवा, पुढे लागेल.

मिडी, म्हणजे आवाज नाही तर नुसते सूर आणि ठेके यांची नोंद, फक्त त्याच भागांचं काढा जे पुढे बदलायचेत. टूल्सच्या मॅक्रोजमध्ये "प्रिपेअर फॉर मिडी एक्स्पोर्ट" आहे, पण हे दाबायच्या आधी प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण ते दाबलं की सगळी वाद्यं उडून त्यांच्या जागी मिडी आउट, म्हणजे स्वतः न वाजणारं रिकामं चॅनल, बसतं. हात सवयीने कंट्रोल-एसवर, म्हणजे सेव्हवर, गेला आणि माझं एक अख्खं गाणं असं गेलंय. त्यानंतर लॅमिंग्टन रोडला जाऊन एसएसडी आणली आणि सगळे प्रोजेक्ट "झिप्ड लूप पॅकेज" करून, म्हणजे सॅम्पलसकट, त्यात टाकले. तुम्ही ते आधी करा.

आता रीपर. नवा प्रोजेक्ट, ऑल्ट-एंटर दाबून त्याची सेटिंग उघडा, आणि सगळ्यात आधी टेम्पो, ताल आणि सॅम्पल रेट जुन्या गाण्याचा. कोळीगीत 6/8 मध्ये असेल तर तेही इथेच. फाइली आणून मग टेम्पो बदलला तर त्या जागेवरून सरकू शकतात. मग सगळ्या फाइली एकदम ओढून टाका, तो विचारेल वेगवेगळ्या ट्रॅकवर टाकू का, हो म्हणा, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू झाल्या पाहिजेत.

मग ती पूर्ण गाण्याची फाइल वेगळ्या ट्रॅकवर त्याच जागी टाका, त्या ट्रॅकचं फेज, म्हणजे आवाजाची लाट, उलटं करायचं बटण दाबा आणि प्ले करा. सगळं बरोबर आलं असेल तर जवळजवळ शांतता होते, कारण दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कोरससारखे इफेक्ट (गाणारी पोरं नव्हे, आवाज जाड करणारा इफेक्ट) दर वेळी थोडे वेगळे वाजतात, त्यांची किणकिण राहिली तर राहू दे, पण ढोलकी स्पष्ट ऐकू येत असेल तर तिची फाइल राहिलीय किंवा आवाज कमी-जास्त झालाय. हे झालं की तो ट्रॅक म्यूट.

प्लगइनचं, म्हणजे वरून जोडायच्या वाद्यांचं आणि इफेक्टचं, थोडक्यात. वीएसटी प्रकारचे, म्हणजे कुठल्याही अशा सॉफ्टवेअरला जोडता येणारे असतील ते रीपरमध्येही चालतात. एफएलचे स्वतःचे बरेचसे इफेक्ट बाहेर चालत नाहीत, पण अख्खं एफएलच रीपरच्या आत प्लगइन म्हणून उघडता येतं, टेम्पोही रीपरचाच घेतं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या क्रॅकवाल्यांनी मला मेसेज करू नये.

राहिली हातांची सवय, वेळ खाते ती हीच. रीपरमध्ये एफएलसारखे पुन्हा पुन्हा लावायचे तुकडे, म्हणजे पॅटर्न, नाहीत, सगळं थेट टाइमलाइनवर, पहिला आठवडा घर हरवल्यासारखं वाटतं. एका जागी बदललेला ठेका सगळीकडे बदलायला हवा असेल तर मिडीची "पूल्ड" कॉपी करा, साधी नको. आणि प्रश्नचिन्हाची की दाबली की अॅक्शन लिस्ट उघडते, तिथे कुठल्याही कामाला कुठलीही की देता येते. मी पहिल्याच दिवशी डुप्लिकेटला कंट्रोल-बी दिली, एफएलमध्ये तीच आहे, आणि निम्मी चिडचिड तिथेच गेली.

चाल मात्र मी अजून एफएलच्या पियानो रोलमध्येच बांधतो, रीपरच्या आत उघडून. बेंजोवाले काका विचारतात मग बदललं काय, त्यांना मी गायकाचे दहा टेक एकाखाली एक लावलेले आणि त्यातला सातवा निवडलेला दाखवतो, ते म्हणतात ठीके, माझाही सातवाच घे.